एकोणिसावं ताट

६ जानेवारी, सोमवार

आज कामावर रुजू झालो. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला पुन्हा नोकरी लागते, हे कोणाला सांगितलं तर हसतील. पण खरं आहे. माझ्या गळ्यात शिट्टी आहे आणि कमरेला दोन किल्ल्या. एक फाटकाची, एक हॉलची.

सकाळी मुलगा रामेश्वर आणि सूनबाई शीतल मला नवीन जालन्याहून गाडी करून घेऊन आले. रामेश्वर बियाणं कंपनीच्या ऑफिसात आहे, त्यानं खास सुट्टी काढली. परतूरच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर रस्त्याला लागूनच ही जागा. पूर्वी सरकीचं गोदाम होतं, अजून भिंतींना तो वास आहे. भिंती उंच. फाटक लोखंडी पत्र्याचं, पूर्ण बंद, त्यातून बाहेरचं काही दिसत नाही. फक्त खाली वीतभर फट आहे. आता इथे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू सोडायला आलेली माणसं तीन-तीन महिने राहतात. फाटक सांभाळायचं आणि दिवसातून तीनदा हजेरी घ्यायची, हे माझं काम. मी परतूरच्या जिनिंगवर, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधतात तिथे, एकतीस वर्षं वॉचमन होतो. फाटक काय असतं ते मला कोणी शिकवायला नको.

इथले साहेब धर्मराज सर. वय चाळिशीच्या आसपास. स्वतः पूर्वी पिणारे, आठ वर्षांपासून सोडलेली. हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मला काका म्हणाले, चहा दिला. रामेश्वरनं कागदांवर सह्या केल्या. मी म्हटलं, नोकरी माझी तर सही माझी पाहिजे. मग त्यानं एका कागदावर माझीही घेतली. चष्मा पिशवीत होता, वाचलं नाही. पण सही चांगली वळणदार आली.

निघताना शीतल पाया पडली आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं, मी काय सासरी चाललो का?

मला एक घोंगडी मिळाली, १९ नंबर टाकलेलं स्टीलचं ताट मिळालं आणि ही तपकिरी वही. सर म्हणाले की इथे सगळेच रोज लिहितात, मनाला येईल ते लिहायचं. मला आवडलं. जिनिंगवर फक्त गाड्यांचे नंबर लिहायचो.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली. ऑफिसात माझी पिशवी तपासली आणि गोळ्या काढून कपाटात ठेवल्या. सकाळची अर्धी पिवळी आणि रात्रीची पांढरी. पांढऱ्या गोळीच्या पाकिटाच्या कोपऱ्याला शीतल तांबडा दोरा बांधून देते, म्हणजे माझी गफलत होत नाही. मी म्हटलं, मी पेशंट नाही, कामाचा माणूस आहे. सर हसून म्हणाले की फाटकाच्या आत नियम सगळ्यांना एकच. मी रिकामी पिशवी उचलली. पहिल्याच दिवशी साहेबाशी वाद नको.

८ जानेवारी, बुधवार

काम बरं चाललं आहे. साडेपाचला शिट्टी, मग प्रार्थना, चहा, झाडलोट. नंतर हॉलमध्ये सतरंजीवर सगळे बसतात आणि दारूनं आपलं काय काय नेलं ते एकेक जण उठून सांगतो. कोणाची बायको, कोणाची जमीन, एकाचं बोट. मी दाराशी स्टुलावर बसतो. सर दोनदा म्हणाले की काका, पुढे या, सतरंजीवर बसा. मी म्हटलं, नको, इथून फाटक दिसतं.

स्वयंपाकाला शेजारच्या गावातून चांगुणाबाई येते. हाताला चव आहे आणि जिभेला धार. पिठलं वाढताना म्हणाली की वॉचमनसाहेब, जरा हळू वाजवत जा, तुमच्या शिट्टीनं आमच्या गावातल्या म्हशी पान्हा चोरून राह्यल्या. सगळे हसले. कडूबा नावाचा एक जण आहे, नवीन जालन्याच्या स्टेशनवर ऑटो चालवायचा, इथे तिसऱ्यांदा आला आहे. त्यानं माझं नाव हवालदार ठेवलं. मला राग आला नाही. शिट्टीवाल्याला माणसं नावं ठेवतातच.

पण हजेरी जुळत नाही. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं आहे, एकूण १९. मी मोजतो तर अठरा. सकाळी अठरा, दुपारी अठरा, संध्याकाळी अठरा. संडास पाहिले, गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. सरांना सांगितलं की एक माणूस कमी आहे. ते म्हणाले की बराबर आहे काका, आपण नंतर बोलू.

बराबर कसं? जिनिंगवर एक गाठ कमी भरली तर माझी मान धरली असती. इथे तर माणूस कमी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज डॉक्टरीणबाई आल्या होत्या, गंधाली मॅडम. मनाच्या डॉक्टर. दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी जालन्याहून रेल्वेनं परतूरला उतरतात, तिथून सर त्यांना मोटारसायकलवर आणतात. मी फाटक उघडून कडक सलाम ठोकला.

व्हरांड्यात सगळे ओळीनं बसले. मॅडम एकेकाशी बोलल्या, घाई केली नाही. शेवटी सरांना काही विचारलं. सरांनी माझ्याकडे मान वळवून हळू आवाजात उत्तर दिलं. मग त्या माझ्या स्टुलाजवळ आल्या. काका, झोप लागते का, विचारलं. कानात आवाज येतात का, जीव घाबरतो का, काही गोळ्या चालू आहेत का.

हे कशासाठी ते मी ओळखलं. ज्या वॉचमनचं डोकं धड नाही त्याच्या हाती फाटक कोण देईल? मी छाती काढून म्हटलं, मॅडम, बिलकुल ठणठणीत. झोप दगडासारखी. गोळी कसली न्हाई आणि आवाज फक्त माझ्या शिट्टीचा. त्या हसल्या, पण नजर माझ्या हातांवर होती. मी हात खिशात घातले. मग त्यांनी सरांकडून माझ्या घरचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या की तेवीस तारखेला आपण निवांत बसू.

दिवसभर वाटून राह्यलं की खोटं बोलायला नको होतं. गोळ्यांविना आज चौथा दिवस.

११ जानेवारी, शनिवार

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. हातातला कप बशीवर वाजतो. थंडी आहे म्हणावं तर घाम येतो. धर्मराज सरांनी पाहिलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले की घाबरू नका काका, विष निघून राह्यलं, माझंही असंच निघालं होतं.

कसलं विष? मी राजूरच्या गणपतीसमोर शपथ घेऊन सोडली आहे. पाच वर्षं झाली.

हजेरी अठरा.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी अडीच वाजता, जेवून सगळे पडले होते तेव्हा, फाटकावर थाप आली. दूधवाल्याचा आवाज. उघडा हो. दूधवाला तर सकाळी येतो, पण म्हटलं काही राहिलं असेल. उघडलं.

कोणी नाही. रस्ता पांढरा पडलेला. पलीकडे तूर वाळून उभी. दोन्ही बाजूंना लांबपर्यंत एक माणूस नाही.

फाटक लावलं, कुलूप घातलं, आणि वळतो तर मागून, अगदी पत्र्याला तोंड लावून बोलावं तसा आवाज. घोटभर पाणी द्या, तातेराव.

दूधवाल्याला माझं नाव माहीत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

मला माहीत आहे तो कोण आहे. कोणाला सांगणार नाही, पण वहीत लिहितो, वही कोणी वाचत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातली दुपार, जिनिंग त्या दिवशी बंद होतं. फाटकाशी खोलीत मी एकटा होतो आणि पिऊन पडलो होतो. बाहेर एक गाडीवान आला. कापसाची गाडी घेऊन लांबून आला होता, बंद असल्याचं त्याला माहीत नव्हतं. तो म्हणत होता, उघडा हो, घोटभर पाणी द्या, उन्हानं जीव चालला. मी ऐकत होतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मी झोपलो नव्हतो, ऐकत होतो. उठायचा कंटाळा आला होता. थोड्या वेळानं आवाज थांबला आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी तो फाटकाला टेकलेला सापडला. मी सगळ्यांना सांगितलं की मला झोप लागली होती.

तेव्हापासून तो येतो. दुपारी येतो. प्यालो की गप्प बसायचा, म्हणून प्यायचो. उतरली की दुप्पट जोरानं यायचा, म्हणून पुन्हा प्यायचो. केसरबाईला, माझ्या बायकोला, वाटायचं मी मजेसाठी पितो. शेवटी जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की तुमचे आजार दोन आहेत, बाबा. दारू एक आणि ही भीती दुसरी, आणि दोघं एका जुवाला जुंपलेले आहेत. एकाला सोडून दुसऱ्याला थांबवता येत नाही. दारूही बंद करायची आणि गोळीही चुकवायची नाही. मी तसं केलं आणि पाच वर्षं तो आला नाही.

आज अडीच वाजता आला. मी कानात बोटं घालून शंभरपर्यंत आकडे म्हटले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. चांगुणाबाईनं घरून तिळाच्या वड्या आणल्या. मला दोन दिल्या आणि म्हणाली की हवालदार, गोड बोला, नाहीतर मुके तरी ऱ्हा, पण असे भुतानं झपाटल्यासारखे डोळे करू नका. तिनं गंमत केली. माझ्या हातून वडी खाली पडली.

जेवणाला आज डोक्यांऐवजी ताटं मोजली. प्रत्येक ताटावर नंबर आहे आणि ज्याचं ताट त्याचा नंबर. एक ते अठरा, सगळ्यांच्या हातात बराबर. एकोणिसावं ताट ज्याचं तो माणूस हरवलेला, असा मी हिशेब लावला. मग सगळीकडे ते ताट शोधलं.

ते माझ्यासमोर होतं. मी त्यात जेवत होतो.

वाटलं, जाऊ द्या. वॉचमनला जादाचं ताट दिलं असेल.

१६ जानेवारी, गुरुवार

सर आंघोळीला गेले होते तेव्हा ऑफिसातलं रजिस्टर उघडलं. चष्मा लावून वाचलं.

अनुक्रमांक १९. तातेराव, वय ६७, राहणार नवीन जालना. दाखल करणारा, मुलगा. मुदत नव्वद दिवस. खाली मी स्वखुशीनं दाखल होत आहे असं छापलेलं आणि त्याखाली माझी सही. वळणदार.

मी तिथेच खुर्चीत बसलो. बाहेरून कडूबानं पाहिलं. तो म्हणाला की काका, शिट्टी दिली म्हणून कोणी हवालदार होतो का, आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तुम्ही खुश होते म्हणून कोणी बोललो न्हाई. मला, म्हणाला, घरच्यांनी लग्नाला चाललो म्हणून आणलं होतं, मी इस्त्रीचे कपडे घालून आल्तो. मग हसला, आणि मी हसलो नाही तेव्हा त्यानं मला पाणी आणून दिलं.

आता खरं लिहितो. दसऱ्याच्या आधी गोळ्या संपल्या. रामेश्वरला कंपनीचे दौरे, शीतलच्या आईचं ऑपरेशन, मी कोणाला म्हटलं नाही. आठव्या दिवशी तो आला. मी स्टेशनरोडला जाऊन एक क्वार्टर घेतली, फक्त त्याला गप्प करायला. मग दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. शीतलनं गोळ्या पुन्हा आणून दिल्या तेव्हा दोन्ही चालू होतं. डिसेंबर संपताना सोडली. पाच वर्षं झाली हे मी मागे लिहिलं ते खोटं आहे. त्यांनी मला फसवून आणलं, पण उगीच आणलं नाही.

फक्त त्यांनी एकाच आजाराचं सांगितलं. दुसऱ्याचं कागदावर काहीच नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरांकडे गोळ्या मागितल्या. हात जोडले. ते रागावले नाहीत. म्हणाले की काका, दारू सोडल्यावर मी दोन वर्षं झोपेच्या गोळ्या खाल्ल्या, मूठमूठभर, गोळी म्हणजे दुसरी बाटलीच. एकवीस दिवस प्रत्येक जण हेच मागतो, मीही मागितल्या होत्या. मग म्हणाले की गुरुवारी मॅडम येतील, त्यांनी लिहून दिलं तर माझ्या हातानं देईन. शब्द देतो.

आवाजाचं ओठांवर आलं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर शिट्टी गेली असती. माझ्याजवळ आता तेवढंच आहे. मी किल्ल्या पुढे केल्या तर त्यांनी त्या परत माझ्या हातात दिल्या. म्हणाले की विश्वासानंच माणूस सुधारतो.

म्हणजे गुरुवारपर्यंत तग धरायचा. शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध. सहा दुपारी. मॅडमना सगळं सांगायचं, गाडीवानासकट. तेवढं झालं की सुटलो.

१८ जानेवारी, शनिवार

आज तो रामेश्वरच्या आवाजात आला. दादा, उघडा, मी तुम्हाला न्यायला आलो. मी धावलो, कुलपात किल्ली घातली. तेवढ्यात म्हणाला, आणि घोटभर पाणी आणा.

किल्ली काढून घेतली.

आता नियम केला. आवाजावर उघडायचं नाही. कोणाचाही असो. दूधवाला, भाजीवाला यांनी सकाळी यावं आणि सरांनी स्वतः उघडावं. दुपारी फाटक उघडणार नाही म्हणजे नाही.

कडूबा म्हणतो की किल्ली कमरेला आहे तर पळून का जात न्हाई, आम्ही असतो तर कधीच जालन्याला पोचलो असतो. त्याला कसं सांगू? किल्ली माझ्याकडे आहे आणि मी बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर तो आहे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी भाजीचा टेम्पो आला. सरांनी फाटक उघडलं, मग फोन आला म्हणून आत गेले. ड्रायव्हरनं माझे हात पाहिले. म्हणाला की बाबा, थरथर लय वाढली, एक घोट मारा, मी कोणाला सांगत न्हाई. सीटखालून बाटली काढली. अर्धी होती.

वास आला आणि डोकं एकदम शांत झालं. नुसत्या वासानं. मला माहीत आहे की एक घोट घेतला तर आज दुपारी तो येणार नाही. उद्याही येणार नाही. परवा येईल आणि मग बाटली पुरणार नाही.

नको म्हटलं. बाटली परत दिली. टेम्पो गेल्यावर रडलो. बरोबर केलं की चूक, कळत नाही. कारण दुपारी तो दोनदा आला.

२० जानेवारी, सोमवार

जेवण जात नाही. चांगुणाबाईनं भाकरी दुधात कुस्करून दिली, लेकराला द्यावी तशी. म्हणाली की तुम्हाला दारूचं न्हाई, दुसरंच काही झालंय, मी सरांशी बोलते. बोलली. सर म्हणाले की गुरुवारी मॅडम येऊनच राह्यल्या.

फाटकाखालच्या फटीतून दोन पाय दिसले. फुटलेल्या टाचा. धुळीनं पांढरे. अडीच ते साडेतीन तिथेच होते. हलले नाहीत.

हजेरी अठरा. माझ्यासकट एकोणीस. सगळे आत. ठीक आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

पाय नव्हते. आवाज नव्हता. अडीच झाले, तीन झाले, चार. काही नाही. मी स्टुलावर बसून देवाचे आभार मानले.

संध्याकाळची हजेरी घेतली. एकोणीस.

मला सोडून.

पुन्हा मोजलं. ओळीनं, बोट लावून. एकोणीस. कडूबा अठरावा. त्याच्यापुढे, भिंतीच्या सावलीत, एक जण मान खाली घालून बसला होता. मी जवळ जायच्या आत घंटा झाली आणि सगळे उठले.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी एकोणीस. दुपारी एकोणीस. तो नेहमी शेवटी बसतो. तोंड दिसत नाही. टाचा दिसतात.

तो बाहेर थांबत नाही आता. तो आत आला आहे. कधी आला? रविवारीच. सोमवारचे पाय मला फसवायला होते. टेम्पोसाठी फाटक उघडं होतं आणि मी बाटलीकडे बघत होतो. मी पुन्हा बघितलं नाही —

कडूबाला विचारलं, तुझ्या शेजारी कोण बसतं? म्हणाला की भिंत. त्यानं माझा हात हातात धरून ठेवला. म्हणाला की उद्या मॅडम येतील, मी तुम्हाला सगळ्यात पुढे बसवतो, माझा नंबर तुम्ही घ्या.

उद्या. एक रात्र आणि अर्धा दिवस.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी साडेबारा

आलो. पोचलो. आज मॅडम. वहीत सगळं लिहिलं आहे, बोलता नाही आलं तर वही देईन.

सर बारा वाजता मोटारसायकल घेऊन परतूरला गेले. जाताना म्हणाले की काका, दोन तासांत येतो. फाटक सांभाळा. चांगुणाबाई जेवण करून त्यांच्या मागोमाग निघाली. फाटकाला मी आतून कुलूप घातलं, बाहेरून कोणाचा हात पोचत नाही.

आत अठरा आणि मी.

आणि तो.

दुपारी दीड

तो हॉलमध्ये आहे. कडूबाच्या मागे. कडूबा झोपला आहे आणि तो त्याच्या कानाशी वाकला आहे. पाणी मागून राह्यला. कडूबानं झोपेत मान हलवली —

मी हॉलला बाहेरून कुलूप घातलं.

आता तो आत, मी बाहेर. मॅडम येईपर्यंत असंच. पण ते सगळे त्याच्यासोबत आत आहेत. अठरा माणसं. हे काय केलं मी? उघडलं तर तो निघेल. नाही उघडलं तर —

अडीच

हॉलमधून थापा. काका उघडा. कडूबाचा आवाज आहे. हवालदार, मस्करी पुरे, एकाला फिट आली, जल्दी उघडा. आवाजावर उघडायचं नाही. माझाच नियम आहे.

आता फाटकावरही थाप.

काका, मी धर्मराज. उघडा.

नेमकी अडीचची वेळ. त्याचीच वेळ.

फाटकाशी बसलो आहे. मागे हॉल. दोन्ही किल्ल्या मुठीत. आतून उघडा. बाहेरून उघडा. दोघांपैकी एक तो आहे. किंवा दोन्हीकडे —

गंधाली मॅडमचा आवाज. काका, मला तुमच्या सुनेनं फोनवर सगळं सांगितलं. तुमच्या गोळ्या बंद व्हायला नको होत्या. चूक तुमची नाही. घाबरू नका, आम्ही इथेच आहोत.

त्याला हे कसं माहीत? त्यानं वही वाचली असेल.

आता शीतल. रडते आहे. मामा, मी मॅडमसोबत आलेय. मामा, तुम्हाला खोटं सांगून आणलं, माफ करा. गोळी आणली. उघडा, पाण्यासोबत लगेच घ्या.

पाणी.

ती पाणी म्हणाली.

सर म्हणतात की कुलूप तोडायला माणूस बोलावलाय, तोवर थांबायला वेळ न्हाई, आत फिट आलेला आहे. मला ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. मी झोपलो नाही. तेव्हाही झोपलो नव्हतो.

फटीतून बोटं आली. बारीक. हिरव्या बांगड्या. पुढे काही सरकवलं.

गोळ्यांचं पाकीट. कोपऱ्याला तांबडा दोरा.

त्यानं सत्तावीस वर्षांत नुसतं मागितलं. कधी काही दिलं नाही. हात लावून पाहिला. दोरा खरा आहे. गाठ शीतलची आहे, दुहेरी.

मग बाहेर माझी माणसं आहेत. उघडतो. उठतो. किल्ली कुलपाला लागत नाही, हात — एकदा लिहून ठेवतो की मी उघडायला उठलो होतो. या वेळी उठलो होतो.

हॉलमधल्या थापा थांबल्या. सगळं गप्प.

आत कोणीतरी हजेरी घेतंय. एक. दोन. तीन. माझ्या आवाजात. ओळीनं, बोट लावून. दहा. अकरा. किल्ली फिरत नाही. मामा, मामा. पंधरा. सोळा. फिरली, थोडी फिरली. सतरा. अठरा झाले, आता तो माझ्याकडे वळून